बोयाचा दिवा विझतो, तो बिघाड म्हणून नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात गेल्या आठवड्यात ‘बंदरातले बंद पडणारे दिवे’ या मथळ्याचे एक पत्र प्रसिद्ध झाले, त्या संदर्भात हे लिहीत आहे. मांडव्याहून सायंकाळच्या रो-रो बोटीने भाऊच्या धक्क्याकडे येताना पत्रलेखक गृहस्थांना बोयांवरचे, म्हणजे जलमार्ग दाखवण्यासाठी साखळीने बांधलेल्या तरंगत्या खुणांवरचे, तांबडे आणि हिरवे दिवे एकसारखे विझताना आणि पुन्हा पेटताना दिसले, काही दिवे तर ‘दोनदा धडपडून मग कितीतरी वेळ मेलेले’ आढळले, आणि त्यावरून बंदराची निगा नीट राखली जात नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला. सगळे दिवे तातडीने दुरुस्त करावेत आणि ते रस्त्यावरील दिव्यांप्रमाणे रात्रभर अखंड जळतील अशी व्यवस्था करावी, ही त्यांची मागणी आहे. त्यांची काळजी प्रामाणिक आहे, आणि बोटीच्या कठड्याशी उभा राहून काळोखातल्या पाण्याकडे इतक्या बारकाईने पाहणारा प्रवासी विरळा, हेही मी मान्य करतो. बहुतेकांचे डोळे तोवर मोबाइलमध्ये असतात. परंतु त्यांची मागणी कोणी खरोखरच अमलात आणली, तर त्या रात्री बंदरात शिरणाऱ्या प्रत्येक जहाजाला वाट ओळखणे अशक्य होईल. व्यापारी जहाजांच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवले जाते त्या कक्षात, तीस वर्षे असेच दिवे मोजत काढलेला माणूस या नात्याने त्याचे कारण सविस्तर सांगावे असे वाटले.

पहिली गोष्ट अशी की समुद्रावर रात्री अखंड जळणाऱ्या तांबड्या आणि हिरव्या दिव्यांना आधीच एक अर्थ आहे. चालत्या जहाजाच्या डाव्या अंगाला तांबडा आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो, आणि हे दोन्ही दिवे न विझता जळत राहावेत असा जगभर नियम आहे. म्हणजे काळोखात समोर स्थिर तांबडा दिवा दिसला, तर आपल्याला कोणा जहाजाची डावी बाजू दिसत आहे असे सुकाणूवरचा माणूस समजतो आणि त्या हिशेबाने आपले जहाज वळवतो. स्थिर पांढरा दिवा दिसला, तर ते एखादे नांगरलेले जहाज असू शकते किंवा चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरचा अथवा मागच्या टोकाचा दिवा असू शकतो. अशा ठिकाणी साखळीने जागच्या जागी बांधलेल्या बोयावर स्थिर दिवा लावणे म्हणजे बोयाला जहाजाचे सोंग देण्यासारखे आहे. शिवाय मुंबईसारख्या शहराच्या किनाऱ्यावर स्थिर दिव्यांचा नुसता पूर आलेला असतो. इमारतींच्या खिडक्या, रस्ते, पूल, धक्क्यांवरचे झोतदिवे, कारखान्यांची आवारे या सगळ्यांच्या पार्श्वभूमीवर आणखी एक स्थिर दिवा डोळ्याला सापडणारच नाही. रात्री एकट्या दिव्याकडे पाहून त्याचे अंतर ताडता येत नाही, हाही अनुभव कोणत्याही खलाशाला विचारावा. जवळची मिणमिणती बत्ती आणि दूरचा प्रखर दिवा काळोखात एकसारखेच भासतात. तेव्हा दिव्याने आपली ओळख स्वतःच सांगितली पाहिजे, आणि ती सांगण्यासाठी त्याच्याजवळ रंग आणि लय ही दोनच साधने असतात.

त्यांत रंग हे दुबळे साधन आहे. धुरकट हवेत पांढरा दिवा पिवळसर दिसतो, दूरच्या हिरव्याला पांढरा समजण्याची चूक होते, आणि काहींना तांबड्या-हिरव्यातला भेद जन्मतःच नीट कळत नाही, म्हणून तर जहाजावरच्या नोकरीपूर्वी रंगदृष्टीची तपासणी होते. लय मात्र धुक्यातही तीच राहते. आपल्याकडे ज्यांनी तबल्याची साथ लक्ष देऊन ऐकली आहे त्यांना हे समजावून सांगायला फार वेळ लागू नये. तालात टाळीइतकीच खालीही मोजावी लागते. खालीच्या मात्रा कोणी वगळल्या तर ताल उरत नाही. बोयाच्या दिव्याचेही तसेच आहे. उजेड किती वेळा आला आणि त्यानंतर काळोख किती वेळ टिकला, हे मिळून एक आवर्तन होते, आणि एका आवर्तनातील पहिल्या चमकेच्या प्रारंभापासून पुढच्या आवर्तनातील पहिल्या चमकेच्या प्रारंभापर्यंतचा वेळ सेकंदांत मोजून ते आवर्तन ओळखले जाते. पत्रलेखकांना जो दिवा दोनदा धडपडून मेलेला वाटला, तो बहुधा दोन चमकांच्या गटाचा दिवा असावा आणि पुढचे आवर्तन सुरू होण्यापूर्वीच त्यांची नजर दुसरीकडे गेली असावी.

सागरी नकाशावर प्रत्येक बोयाशेजारी हे आवर्तन संक्षेपाने छापलेले असते. समजा एखाद्या बोयापाशी ‘एफएल (2) आर 10 एस 5 एम’ असे लिहिले आहे. त्याचा अर्थ हा की तो दिवा तांबडा आहे, दर 10 सेकंदांना लागोपाठ 2 चमका देतो आणि त्याचा पल्ला 5 सागरी मैल, म्हणजे सुमारे सव्वानऊ किलोमीटर आहे. शेजारच्या बोयाचा दिवाही तांबडाच असेल, पण तो कदाचित दर 5 सेकंदांना एकच चमक देईल, आणि त्याच्या पुढचा 3 चमका देईल. तसे केल्यामुळेच एकाच रांगेतील तांबडे बोये एकमेकांपासून वेगळे ओळखता येतात. चमकांच्या गतीलाही ठरावीक नावे आहेत. मिनिटाला 50 ते 79 चमका देणाऱ्या दिव्याला द्रुत, 80 ते 159 चमका देणाऱ्याला अतिद्रुत म्हणता येईल. इंग्रजी नावांसाठी हे मराठी शब्द मी संगीतातून उचलले आहेत. जहाजावर सगळे ‘क्विक’ आणि ‘व्हेरी क्विक’ असेच म्हणतात. जी चमक 2 सेकंदांपेक्षा कमी नसते ती दीर्घ चमक. काही दिव्यांत उजेड आणि काळोख सारख्याच वेळाचे असतात, तर काहींत उजेड जास्त आणि मध्येच थोडा काळोख, जणू कोणी दिव्यापुढून हात फिरवावा तसा, असतो.

आता या लयींचा अर्थ. समुद्राकडून बंदरात येताना डाव्या हाताला तांबडे बोये आणि उजव्या हाताला हिरवे, त्यांच्या मधून खोल पाण्याची वाट, हा आपल्याकडचा मूळ संकेत आहे; बाहेर जाताना साहजिकच हात बदलतात. दिवसा तांबडा बोया डब्याच्या आणि हिरवा शंकूच्या आकाराचा असल्याने रंग उडाला तरी ओळख राहते. या दोन्ही प्रकारांच्या दिव्यांना कोणतीही लय चालते, अपवाद फक्त एका लयीचा : 2 चमका, थोडा काळोख आणि मग 1 चमक. ही लय जिथे वाट फुटते तिथल्या बोयासाठी राखून ठेवलेली आहे. तांबड्या दिव्याने 2 अधिक 1 अशी खूण केली तर मुख्य मार्ग उजवीकडे आहे, आणि हिरव्याने केली तर डावीकडे, असे आत येणाऱ्याने समजावे. वाटेच्या तोंडाशी, चहूबाजूंनी खोल पाणी असते तिथे तांबड्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा बोया असतो. त्याचा दिवा पांढरा आणि लय संथ असते, उदाहरणार्थ दर 10 सेकंदांना एक दीर्घ चमक. रात्रभर समुद्रात डुलत आल्यावर ही शांत चमक दिसली की ब्रिजवर चहा मागवला जातो, असा माझ्या काळचा अलिखित रिवाज होता. याउलट, सभोवार पाणी चांगले पण मधेच एकटा खडक किंवा बुडालेल्या जहाजाचा सांगाडा असेल, तर त्याच्यावरच्या काळ्या-तांबड्या खुणेचा दिवा पांढऱ्या चमका दोन-दोन करून देतो. दिवसा त्याच खुणेच्या माथ्यावर दोन काळे गोळे दिसतात, तेव्हा माथ्यावर दोन गोळे आणि रात्री दोन चमका, असे लक्षात ठेवणे सोपे जाते. पिवळा दिवा वाहतुकीची वाट दाखवत नाही. पाण्याखालची केबल, नळवाहिनी, निरीक्षणाची उपकरणे अशा काही खास गोष्टी तिथे आहेत एवढेच तो सांगतो.

या सर्वांत बुद्धीची करामत दिसते ती चार दिशांच्या बोयांत. धोका कोणत्या दिशेला आहे हे सांगण्याऐवजी, धोक्याच्या कोणत्या दिशेने जावे हे ते सांगतात. उत्तरेचा बोया धोक्याच्या उत्तरेला ठेवलेला असतो आणि जहाजाने त्याच्याही उत्तरेने जायचे असते. चारही बोये काळ्या-पिवळ्या रंगांचे आणि चारही दिवे पांढरे, त्यामुळे रात्री फरक फक्त लयीचा उरतो. ती लय घड्याळाच्या तबकडीवरून घेतली आहे. पूर्व म्हणजे तबकडीवरचे 3, म्हणून 3 द्रुत चमका. दक्षिण म्हणजे 6, म्हणून 6. पश्चिम म्हणजे 9, म्हणून 9. आणि उत्तर म्हणजे 12, पण 12 मोजत कोण बसणार, म्हणून तिथे चमका खंड न पडता चालूच राहतात. दक्षिणेच्या 6 चमकांनंतर मात्र एक दीर्घ चमक जोडलेली आहे. ती का जोडली असावी हे पुस्तकात वाचले होते, तरी त्याचे महत्त्व मला कळले ते स्वतः फजीत झाल्यावर.

तिसरा अधिकारी म्हणून माझे पहिलेच वर्ष होते आणि युरोपातील एका नदीच्या मुखाकडे आम्ही पहाटेच्या आधी येत होतो. पाऊस होता, समुद्राला उंच पण संथ लाटा होत्या. मला पांढऱ्या द्रुत चमकांचा दिवा दिसला, मी मोजला आणि कप्तानसाहेबांना पश्चिमेचा बोया दिसत असल्याचे आत्मविश्वासाने सांगितले. त्यांनी दुर्बीण उचलली नाही की नकाशाही पाहिला नाही. एवढेच विचारले, ‘शेवटी लांब चमक होती की नव्हती?’ मला सांगता येईना. पुन्हा मोजायला सांगितल्यावर तीन आवर्तने मी स्टॉपवॉच लावून पाहिली. पहिल्यात लाटेच्या आड दोन चमका गेल्या, दुसऱ्यात आकडा 6 आला की 7 याची खात्री होईना, परंतु तिन्ही वेळा अखेरीस तो दिवा दोन सेकंदांहून अधिक जळत राहिला. तो दक्षिणेचा बोया होता. द्रुत गतीच्या चमका मोजताना माणूस हमखास चुकतो, डुलणारा बोया एखादी चमक लाटेमागे गिळतो, आणि 6 व 9 यांतल्या गोंधळात जहाज दक्षिणेऐवजी पश्चिमेला वळले तर खडकाची गाठ पडते, या सर्वांचा विचार करून कोणीतरी ती दीर्घ चमक शेवटी ठेवली होती. आकडा चुकला तरी शेपूट चुकत नाही. त्या दिवसापासून कोणताही दिवा मी तीन आवर्तने पाहिल्याशिवाय ओळखला असे म्हटले नाही.

हे संकेत आज जगभर सारखे वाटतात, पण ते आपोआप जुळलेले नाहीत. 1976 पूर्वी जगात बोयांच्या तीसहून अधिक निरनिराळ्या पद्धती चालू होत्या आणि त्यांतल्या काही एकमेकींच्या नेमक्या उलट होत्या. 1971 च्या जानेवारीत इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीत ‘टेक्साको कॅरिबियन’ हे टँकर जहाज टक्कर होऊन बुडाले. दुसऱ्याच दिवशी त्याच्या सांगाड्यावर ‘ब्रँडेनबर्ग’ हे जर्मन जहाज आदळून बुडाले, आणि फेब्रुवारी संपण्यापूर्वी ‘निकी’ हे ग्रीक जहाज त्याच जागी गेले. पन्नासहून अधिक माणसे दगावली. विशेष म्हणजे ‘निकी’ आले तेव्हा त्या जागेभोवती खुणांचे दिवे होते, पण येणाऱ्यांना त्यांचा अर्थ लावता आला नाही. दिवा जळत होता आणि तरीही जहाज बुडाले, ही गोष्ट आपल्या पत्रलेखकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी माझी विनंती आहे. या अपघातांनंतर दीपगृहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, जिला सगळे आयाला म्हणतात, एकवाक्यतेचे काम नेटाने हाती घेतले. 1976 मध्ये एक पद्धत ठरली आणि 1980 साली टोकियोतल्या परिषदेत तिच्यातूनच सगळ्या जगासाठी एक चौकट तयार झाली. एका मुद्द्यावर मात्र जगाचे दोन भाग राहिलेच. उत्तर व दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपिन्स येथे आत येताना तांबडा उजव्या हाताला असतो, बाकी जगात, भारत धरून, डाव्या हाताला. व्यापारी जहाजांवर आपली कितीतरी मराठी मुले आहेत, आणि पहिल्यांदा अमेरिकेच्या बंदरात शिरताना त्यांच्या पोटात जो गोळा येतो त्याचे निम्मे कारण हे असते. चार दिशांच्या बोयांची लय मात्र दोन्ही भागांत तीच आहे.

नवा धडा पुन्हा त्याच समुद्राने शिकवला. 2002 च्या डिसेंबरात ‘ट्रायकलर’ हे मोटारगाड्या वाहून नेणारे जहाज त्या भागात टक्कर होऊन बुडाले आणि त्याच्या सांगाड्यावर, पहाऱ्याची जहाजे आणि खुणेचा बोया असूनही, थोड्याच दिवसांत आणखी दोन जहाजे जाऊन आदळली. त्यानंतर 2006 पासून नुकत्याच बुडालेल्या जहाजासाठी अगदी वेगळा बोया वापरात आला. तो निळ्या-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा असून त्याचा दिवा एक सेकंद निळा, अर्धा सेकंद काळोख, मग एक सेकंद पिवळा आणि पुन्हा अर्धा सेकंद काळोख अशा 3 सेकंदांच्या आवर्तनात चालतो. बोयांच्या दिव्यांत निळा रंग आणखी कुठेही वापरलेला नाही. तेव्हा ज्याला बाकी काहीच ठाऊक नाही त्यालाही इथे काहीतरी विपरीत घडले आहे हे कळावे. आपल्या बंदराच्या तोंडाशी 7 ऑगस्ट 2010 रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया 3’ या जहाजांची टक्कर झाली आणि कंटेनर पाण्यात विखुरल्यामुळे बंदराची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली, हे मुंबईकरांना आठवत असेल. बंदराच्या अरुंद वाटेत एक जहाज कलंडले की पुढच्यांचे काय होते, हे समजायला परदेशातली उदाहरणे फारशी लागत नाहीत.

विझत-पेटत राहण्यामागे आणखी एक व्यवहारी कारण आहे, तेही ओघाने सांगतो. पाण्यात एकट्या उभ्या असलेल्या बोयाला तारेने वीज देता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांनी ॲसिटिलीन वायूचा दिवा क्षणभरच पेटवणारी यंत्रणा तयार केली, आणि दिवस उजाडताच वायू आपोआप बंद करणारी सूर्यझडपही शोधली. त्यामुळे एकदा वायू भरला की दिवा महिनोन्‌महिने माणसाशिवाय चालू शकत असे. या कामासाठी 1912 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्याच वर्षी प्रयोगातल्या स्फोटात त्यांचे डोळे गेले होते, आणि जगभरच्या खलाशांना रात्रीची वाट दाखवणाऱ्या या माणसाने पुढची पंचवीस वर्षे आपला कारखाना काळोखातच चालवला. आता बोयांवर सौर पाट्या आणि एलईडी दिवे आहेत. जुन्या बल्बची तार तापायला आणि विझायला किंचित वेळ लागत असे, त्यामुळे द्रुत चमका एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसत; एलईडीची चमक मात्र कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ असते. उपग्रहाकडून वेळ घेऊन एका वाटेवरचे सगळे बोये एकाच क्षणी चमकवण्याची सोयही आता उपलब्ध आहे आणि तशी रांग समोर लखलखली की वाट काठांसकट दिसते. ब्रिजवर रडार आहे, उपग्रहावरून स्थान दाखवणारा पडदा आहे, मग दिव्यांची गरजच काय, असाही प्रश्न मला हल्ली विचारला जातो. पडदा आपण कुठे आहोत असे यंत्राला वाटते ते दाखवतो; त्याचा पडताळा खिडकीबाहेर पाहूनच घ्यावा लागतो. मचवा चालवणाऱ्या तांडेलाकडे तर बहुतेक वेळा तो पडदाही नसतो.

बंदरातल्या दिव्यांविषयी तक्रार करायचीच असेल, तर ती किनाऱ्याविषयी करावी असे माझे स्पष्ट मत आहे. मांडव्याची बोट मुंबई आणि जवाहरलाल नेहरू या दोन्ही बंदरांचा सामाईक जलमार्ग आडवा ओलांडते. त्या ठिकाणी शहराच्या बाजूला पाहिले, तर क्षणाक्षणाला रंग बदलणारे जाहिरातींचे फलक, टोलेजंग इमारतींच्या माथ्यांवर विमानांसाठी लावलेले तांबडे दिवे आणि धक्क्यांवरचे पाण्याच्या दिशेने वळवलेले झोतदिवे यांच्या गर्दीतून बोयाची तांबडी चमक वेगळी काढावी लागते. इमारतीवरचा तांबडा दिवाही पुष्कळदा लुकलुकतो. त्याची लय घड्याळ लावून मोजली तरच तो बोया नाही हे उघड होते. झोतदिव्याला वरून एक पत्र्याची झापड लावून त्याचा उजेड धक्क्यापुरता ठेवणे ही काही खर्चाची बाब नाही. दुसरी अडचण आपल्या मासेमार बांधवांशी संबंधित आहे आणि ती मी संकोचाने मांडतो, कारण त्यांची बाजूही मला कळते. जाळे कोणी तोडून नेऊ नये म्हणून त्याच्या तरंगांवर बाजारात स्वस्तात मिळणारे लुकलुकणारे दिवे लावले जातात, आणि त्यांत तांबडे, हिरवे, निळे असे सगळे रंग असतात. जाळ्याला दिवा हवाच, पण तांबडा आणि हिरवा दिवा वाटेजवळ लावला की तो परक्या जहाजाला वाटेचा भास देतो आणि मग तेच जहाज जाळ्यावरून जाते. पिवळ्या दिव्याने जाळेही दिसेल आणि वाटेचा भ्रमही होणार नाही. तिसरी गोष्ट म्हणजे बोयाला होडी बांधून ठेवणे. होडीच्या ओढीने बोया कलतो, दिव्याचा झोत आकाशाकडे किंवा पाण्याकडे वळतो, आणि कधी सौर पाटीही फुटते. 2021 च्या सागरी दिशादर्शन साधनांच्या कायद्याने, ज्याने 1927 चा जुना दीपगृह कायदा इतिहासजमा केला, अशा साधनाचे नुकसान करणे किंवा त्याची परिणामकारकता कमी करणे हा गुन्हा मानलेला आहे. परंतु धक्क्यावर त्याची माहिती मराठीत लिहिलेला एखादा फलक माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही.

बोये बिघडतच नाहीत असे माझे म्हणणे नाही. पावसाळ्यात साखळी तुटून बोया वाहत जातो, दिव्यावर पक्ष्यांची विष्ठा साचते, जहाजाचा धक्का लागतो, बॅटरी दगा देते. अशा वेळी बंदराच्या हद्दीतील बोयांची जबाबदारी त्या त्या बंदराच्या प्राधिकरणाची असते आणि किनाऱ्यावरची मोठी दीपगृहे केंद्राच्या दीपगृह महासंचालनालयाच्या देखरेखीखाली येतात. दिवा बंद असल्याचे कळताच जहाजांना रेडिओवरून इशारा दिला जातो, आणि बदल कायमचा असेल तर देहरादूनच्या राष्ट्रीय जलआलेखन कार्यालयाकडून नकाशात दुरुस्ती करण्याची सूचना निघते. म्हणून तक्रार ‘दिवे विझतात’ एवढी मोघम असून उपयोगाची नाही. बोयावर रंगवलेला आकडा किंवा नाव, पाहिल्याची तारीख आणि वेळ, दिव्याचा रंग, आणि सलग तीन आवर्तने मोजून आलेला हिशेब, म्हणजे किती चमका आणि किती सेकंदांनी, एवढे लिहिले की संबंधित अधिकाऱ्याला नकाशाशी ताडून पाच मिनिटांत निर्णय घेता येतो. पूर्ण मिनिटभर पाहूनही एकही चमक दिसली नाही, किंवा दोन चमकांच्या जागी सतत एकच येत राहिली, तर तो दिवा बिघडला असे निःशंक समजावे.

यास्तव माझी आपणांस दोन कामांची विनंती आहे. आपल्या अंकात भरती-ओहोटीच्या वेळा नियमाने छापल्या जातात, त्या चौकटीशेजारी महिन्यातून एकदा तरी बोयांच्या खुणा आणि त्यांच्या दिव्यांची आवर्तने सचित्र छापावीत. ससून डॉकपासून रेवदंड्यापर्यंतच्या तांडेलांच्या आणि लाँचवरच्या खलाशांच्या मुलांना ती उपयोगी पडतील, कारण मराठीत ही माहिती आज सहजी हाती लागत नाही. दुसरे, त्या पत्राचा ‘बंद पडणारे दिवे’ हा मथळा दुरुस्त करणारा चार ओळींचा खुलासा प्रसिद्ध करावा. पत्रलेखकांना मात्र माझे आग्रहाचे निमंत्रण आहे. येत्या अमावास्येच्या आसपास त्यांनी सायंकाळच्या बोटीला यावे. मी जुने स्टॉपवॉच आणि नकाशा घेऊन डाव्या कठड्याशी उभा असेन, आणि त्यांना जे दिवे मेलेले वाटले त्यांची आवर्तने आपण दोघे मिळून मोजू. त्यांतला एखादा खरोखरच बिघडलेला निघाला, तर प्राधिकरणाला पाठवायच्या अर्जावर पहिली सही त्यांची आणि दुसरी माझी राहील.

आपला,
एक निवृत्त जहाज अधिकारी,
अलिबाग, जि. रायगड